नवीन सर्व्हरवर मराठी नोंदी बिघडल्या : निदान, दुरुस्ती आणि उपयोगी साधनं

ग्रंथखूण | रविवार, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. आमच्या गावी 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. लहानपणीच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या मी तिथेच काढल्या, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांची ग्रंथसूची पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून मीच करून दिली. साधारण १८ हजार पुस्तकं आहेत.

महिन्यापूर्वी जुना सर्व्हर बंद करावा लागला. तिथे मायएसक्यूएल ५.५ होतं, नव्या ठिकाणी ८.० आहे. डंप (डेटाबेसची फाइलीतली पूर्ण प्रत) घेतला, नव्या सर्व्हरवर चढवला, आणि सगळी मराठी नावं विचित्र झाली. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्यापुढे चार पायांचं गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि हीच माळ पानभर. वाचनालयाचं काम थांबवता येत नव्हतं, त्यामुळे नव्या पुस्तकांच्या नोंदी त्याच स्थितीत चालू ठेवल्या. त्या मात्र नीट दिसत होत्या.

बुधवारी एका संकेतस्थळावर मिळालेली दुरुस्तीची क्वेरी (डेटाबेसला द्यायचा आदेश) सगळ्या तक्त्यावर चालवली. जुनी नावं होती तशीच राहिली आणि नीट दिसणाऱ्या ३१२ नव्या नोंदींची प्रश्नचिन्हं झाली. पुढच्या महिन्यात वार्षिक तपासणी आहे. ग्रंथपालबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी तीन आठवडे बसून केलेलं काम गेलंय. कुठून सुरुवात करू?

---

जुनासर्व्हर | रविवार, रात्री ११:४०

पहिली गोष्ट, आता एकही क्वेरी चालवू नका. आहे त्या अवस्थेचा पूर्ण बॅकअप घ्या, बिघडलेला असला तरी. मग पुढचं वाचा.

अक्षरं बिघडली की लोक थेट उपाय शोधायला लागतात. पण बिघाड चार वेगवेगळ्या प्रकारचे असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. पडद्यावर काय दिसतंय त्यावरून अर्धं निदान होतं.

चौकोनी डबे दिसत असतील तर माहिती शाबूत आहे, फक्त फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत. डेटाबेसला हातही लावू नये.

तुम्ही वर्णन केलेली माळ दिसत असेल तर बाइट बरोबर आहेत, पण ते चुकीच्या लिपिसंकेताने, म्हणजे कोणते बाइट म्हणजे कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या चुकीच्या तक्त्याने, वाचले गेलेत. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ या सगळ्या लिप्यांच्या संकेतात तीन बाइट घेतं. पहिला कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. लॅटिन१ हा रोमन लिपीपुरता जुना संकेत समजून वाचलं की ई० चा तो तिरक्या रेघेचा 'ए' होतो आणि ए४ चं ते गोल चिन्ह. म्हणून प्रत्येक तिसऱ्या घराला तीच जोडी दिसते. ही जोडी दिसली की मला हायसं वाटतं, कारण हा बिघाड जवळपास नेहमी पूर्ण उलटवता येतो.

काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसलं तर बाइट मध्येच तुटलेत. बहुतेक वेळा कुणीतरी मजकूर अक्षरांऐवजी बाइट मोजून कापलेला असतो.

आणि साधं प्रश्नचिन्ह म्हणजे मूळ अक्षर गेलं. ज्या संकेतात ते बसतच नाही त्यात कोंबलं गेलं आणि त्याच्या जागी ३एफ हा एकच बाइट उरला. त्या खान्यातून ते परत येत नाही.

आता पडद्यावर विश्वास न ठेवता प्रत्यक्ष बाइट बघा. मायएसक्यूएलचं बाइट जसेच्या तसे दाखवणारं 'हेक्स' फंक्शन शीर्षकाच्या स्तंभावर लावा आणि दोन्ही प्रकारच्या दोन-दोन नोंदी इथे टाका. बुधवारी नेमकी काय क्वेरी चालवली तेही लिहा.

---

नवशिका_२३ | सोमवार, सकाळी ७:५०

फॉन्ट बदलून बघा ना. माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये नोटो सान्स टाकल्यावर प्रश्न सुटला होता.

> जुनासर्व्हर : तुमच्याकडे डबे दिसत असणार. तिथे तो उपाय बरोबरच आहे. इथे डबे नाहीत.

---

ग्रंथखूण | सोमवार, सकाळी ९:१५

बॅकअप घेतला. 'महाराष्ट्र' या शब्दाने सुरू होणाऱ्या जुन्या नोंदीचं हेक्स असं सुरू होतं : सी३ ए० सी२ ए४ सी२ एई. नव्या नोंदीत नुसते ३एफ ३एफ ३एफ.

बुधवारची क्वेरी अशी होती : शीर्षकाचा स्तंभ 'कन्व्हर्ट युझिंग लॅटिन१' करून परत त्याच स्तंभात ठेवणं. 'व्हेअर' (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) लावलं नव्हतं.

---

जुनासर्व्हर | सोमवार, दुपारी १:२०

सगळी गोष्ट या दोन ओळींत आली.

'म' चे खरे बाइट ई० ए४ एई. तुमच्याकडे ई० चं सी३ ए० झालंय, ए४ चं सी२ ए४, एई चं सी२ एई. म्हणजे यूटीएफ-८ वर पुन्हा एकदा यूटीएफ-८ चढलंय. जुन्या सर्व्हरवर तक्ता लॅटिन१ होता, ५.५ मध्ये तेच मूळ ठरलेलं असायचं. तुमचा प्रोग्रॅमही लॅटिन१ जोडणीवरून यूटीएफ-८ चे बाइट पाठवत होता. दोन्हीकडे एकच चूक, त्यामुळे सहा वर्षं सगळं बरोबर दिसलं. डंप घेताना मात्र मायएसक्यूएलने प्रामाणिकपणे लॅटिन१ चं यूटीएफ-८ केलं. ८.० मध्ये मूळ संकेत यूटीएफ८एमबी४ (पूर्ण यूटीएफ-८) आहे, तो डंप तिथे तसाच बसला.

बुधवारची क्वेरी अर्धीच होती. जुन्या नोंदी लॅटिन१ मध्ये बसतात, म्हणून त्या जाऊन तशाच परत आल्या. नव्या नोंदींत खरी देवनागरी होती, ती लॅटिन१ मध्ये बसत नाही, तिची प्रश्नचिन्हं झाली. पूर्ण उपायात तीन पायऱ्या असतात : स्तंभ लॅटिन१ मध्ये नेणं, त्यावर 'बायनरी' लावून संकेताची ओळख पुसणं, आणि ते कोरे बाइट यूटीएफ८एमबी४ म्हणून पुन्हा वाचणं. मधली पायरी गाळली की नुसती ये-जा होते.

आता घाईचं काम. ८.० मध्ये बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची आपोआप ठेवली जाणारी नोंद) मुळातच चालू असतो, आणि तो ओळीनिहाय असतो. म्हणजे तुमच्या बुधवारच्या अपडेटने ज्या ओळी खरोखर बदलल्या त्यांची आधीची आणि नंतरची अशी दोन्ही रूपं त्यात लिहिलेली असणार. सहसा तो ३० दिवस राहतो, पण लहान सर्व्हरवर लोक डिस्क वाचवायला मुदत कमी करतात. तुमची मुदत किती आहे ते आत्ता बघा आणि त्या फाइली आत्ताच दुसरीकडे कॉपी करा. चहा नंतर.

---

ग्रंथखूण | सोमवार, दुपारी २:०५

मुदत सात दिवसांची ठेवलेली होती. बुधवारची फाइल आहे! कॉपी केली, दोन ठिकाणी ठेवली. हात थरथरतायत.

---

अनुस्वार | सोमवार, संध्याकाळी ६:३०

वाचून फार बरं वाटलं.

जुन्या १८ हजारांसाठी एक इशारा. ही उलटी दुरुस्ती मायएसक्यूएलच्या आतच करा, बाहेर पायथनची स्क्रिप्ट लिहून नको. मी दोन वर्षांपूर्वी एका मासिकाच्या संग्रहावर ती चूक केली होती. मायएसक्यूएल ज्याला लॅटिन१ म्हणतं ते प्रत्यक्षात विंडोज-१२५२ आहे, आणि त्या संकेतातली ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी ही पाच घरं रिकामी आहेत. मायएसक्यूएल ती जशीच्या तशी पुढे नेतं, पायथनचं विंडोज-१२५२ तिथे अडतं. आणि देवनागरीत त्या घरांवर कोण बसलंय बघा : हलन्त, ऱ्हस्व उकार, 'ए', 'ऐ', 'झ', चंद्रबिंदू. मी अडलेले बाइट गाळायला सांगितले होते, त्यामुळे 'माझा' चा 'झ' गेला, प्रत्येक जोडाक्षर फुटलं, आणि 'कमल', 'वारा' असे साधे शब्द तेवढे नीट आले. दोन दिवस मला वाटत होतं की चूक जोडाक्षरांच्या मांडणीत आहे.

'व्हेअर'ची अटही आवर्जून लावा. हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ असलेल्याच ओळी घ्या. आणि 'अपडेट'च्या आधी तेच सूत्र 'सिलेक्ट'मध्ये घालून शंभर ओळी डोळ्यांनी वाचा. वाचायला ग्रंथपालबाईंना बसवा, पुस्तकांची नावं त्यांना तोंडपाठ असणार.

---

फेणीआणिकोड | सोमवार, रात्री ९:४५

गोव्याहून नमस्कार. मी कोंकणी आणि मराठी दोन्हीची संकेतस्थळं करतो, हा त्रास रोजचा. पुन्हा असं होऊ नये म्हणून साखळीतली प्रत्येक कडी तपासा. तक्ता आणि स्तंभ यूटीएफ८एमबी४, पीडीओच्या (पीएचपीतून डेटाबेसला जोडणाऱ्या साधनाच्या) जोडणीत तोच संकेत स्पष्ट लिहिलेला, पानाच्या हेडरमध्ये यूटीएफ-८, आणि एचटीएमएलमधला मेटा टॅग पहिल्या १०२४ बाइटांच्या आत. हेडर आणि मेटा यांत भांडण झालं तर हेडर जिंकतो, हे विसरून मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'यूटीएफ८' लिहू नका. त्या नावाचा संकेत तीनच बाइटांचा आहे. मराठी त्यात बसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग एखादा सभासद अभिप्रायात हसरा चेहरा टाकतो, तो चार बाइटांचा असतो, आणि एफ० ९एफ ने सुरू होणारी चूक येते.

एक्सेलचंही सांगतो. सीएसव्ही फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडली की मराठी बिघडते, कारण सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट नसतात. निर्यात करताना ते लिहा. पण हेच तीन बाइट पीएचपीच्या फाइलीच्या सुरुवातीला चुकून आले तर 'हेडर आधीच पाठवले गेले' ही चूक येते आणि संपादकात काहीच दिसत नाही. हेक्स दाखवणारं साधन तिथेही कामाला येतं.

---

ग्रंथखूण | मंगळवार, रात्री १०:५०

जुन्या नोंदी सगळ्या परत आल्या! आधी शंभर वाचल्या, मग पाचशे, मग अपडेट केलं. बाई मोठ्याने नावं वाचत होत्या आणि मी मान हलवत होतो. बायनरी लॉगमधून ३१२ नोंदींची आधीची रूपंही निघाली. ती थेट तक्त्यात न घालता वेगळ्या तक्त्यात ठेवली आहेत, दाखल नोंदवहीशी ताडून मगच आत घेणार.

जुनासर्व्हर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आता नवीन अडचण, आणि ही बहुधा जुनीच आहे, माझ्या लक्षात आली नव्हती. 'ॲ' असलेले शब्द शोधले की काही पुस्तकं सापडतात, काही नाहीत. 'दऱ्या' शोधलं तरी तसंच. अक्षर तर डोळ्याला तेच दिसतं.

---

अनुस्वार | बुधवार, सकाळी ८:१०

हा माझा आवडता विषय, थोडं सविस्तर लिहिते.

'ॲ' हे एकसंध अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली आलं, ५.१ आवृत्तीत. त्याआधी आणि नंतरही कित्येक कळफलकांनी 'अ' अधिक अर्धचंद्र असं दोन तुकड्यांत लिहिलं. दिसायला एक, बाइट वेगळे. 'ऑ' चंही तसंच, कुणी 'आ' वर अर्धचंद्र देतो. यूनिकोडचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) या जोड्या एक करत नाही, म्हणून 'एनएफसी' हा त्याचा प्रकार लावून हा प्रश्न सुटणार नाही.

'दऱ्या' मधला अर्धा र तर आपल्याच भाषेचं वैशिष्ट्य. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे वेगळे शब्द आहेत. तो अर्धा र दोन प्रकारे लिहितात : नुक्ता असलेला 'ऱ' अधिक हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. हेही सामान्यीकरणाने एक होत नाहीत. नुक्त्याच्या 'ऱ' ची एकसंध आणि सुटी अशी दोन रूपं आहेत, तेवढी मात्र एनएफसी एक करतं.

म्हणून एनएफसीनंतर आपलं छोटं फंक्शन हवं, जे या चार-पाच जोड्या एकाच रूपात आणेल. ते साठवताना लावा आणि शोधाचा शब्द येतो तेव्हाही लावा. एकाच बाजूला लावून उपयोग नाही. शून्य-रुंदीचे जोडक सरसकट पुसू नका, 'दऱ्या' चा 'दर्या' होईल. आधी त्या जोडीचं 'ऱ्' करा, मग उरलेल्यांचा विचार करा.

सभासदांच्या नावाची तपासणीही बघून घ्या. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये फक्त 'अक्षर' हा यूनिकोड गट मागितला तर 'कविता' नाकारली जाते, कारण वेलांटी आणि काना 'चिन्ह' या गटात मोडतात. दोन्ही गट मागावे लागतात. एका सरकारी फॉर्मवर माझ्या आईचं नाव तीन वेळा नाकारलं गेलं होतं. तिला वाटलं तीच चुकीचं टाइप करतेय. आपण विकासकांनी हे एवढं तरी करावं.

---

राईनकाठी | बुधवार, दुपारी ३:३५

जर्मनीतून वाचतोय. अंकांबद्दल जोडतो. सभासदाने दाखल क्रमांक '१२३' असा देवनागरीत टाकला तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही आणि पीएचपीही नाही. पायथन मात्र मुकाट्याने स्वीकारतं. आधी अंक बदलून घ्या. दाखवायचं असेल तर ब्राउझरमधलं 'इंटल' (अंक आणि तारखा भाषेप्रमाणे मांडणारं साधन) हाताशी आहे, मराठी लोकेल दिलं की १२,३४,५६७ असं लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह देवनागरीत येतं.

परतीची तारीख एक दिवस आधीची दिसते का कधी? भारतातल्या मध्यरात्रीला यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तारीख आयएसओ रूपात (वर्ष-महिना-दिवस, पुढे यूटीसी वेळ) नेऊन पहिली दहा अक्षरंच घेतली की दिवस घसरतो. नुसती तारीख असेल तर ती तारीख म्हणूनच साठवा, वेळ चिकटवू नका.

> ग्रंथखूण : दिसते! आम्ही गेली दोन वर्षं एक दिवस वाढवून देत होतो. आज कारण कळलं.

---

नवशिका_२३ | बुधवार, रात्री ८:२०

मी पण विचारू का? पावतीच्या पीडीएफमध्ये 'कविता' चं 'कवतिा' होतंय. फॉन्ट बदलून पाहिला, या वेळी नाही सुटलं.

> फेणीआणिकोड : कारण या वेळी दोष फॉन्टचा नाही. वेलांटी साठवली जाते अक्षरानंतर आणि काढायची असते आधी. हे काम मांडणीच्या इंजिनाचं, आणि बऱ्याच पीडीएफ लायब्रऱ्यांत ते नसतं. डॉमपीडीएफमध्ये नाही. एमपीडीएफला भारतीय लिप्या येतात. मी सरळ पपेटिअरने (कोडमधून क्रोम चालवणाऱ्या साधनाने) विनापडदा क्रोम चालवून छापतो, जे पानावर दिसतं तेच कागदावर येतं. फक्त सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बसवा, डॉकरच्या छोट्या प्रतिमांत तो नसतो आणि मग डबे येतात.

> अनुस्वार : आणि सीएसएसमधलं अक्षरांतर शून्य ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. पानाला भाषा म्हणून 'एमआर' लिहा, चांगल्या फॉन्टमध्ये त्यामुळे आपल्या वळणाचे 'ल' आणि 'श' येतात.

---

जुनासर्व्हर | बुधवार, रात्री १०:००

साधनांबद्दल दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं, इथेच लिहितो. मी रोज उघडतो ते मोझिलाचं एमडीएन. कुठलं वैशिष्ट्य कोणत्या ब्राउझरात चालतं यासाठी 'कॅन आय यूज'. लिपीच्या प्रश्नांना डब्ल्यूथ्रीसीचं आंतरराष्ट्रीयीकरण विभागाचं पान, तिथे भारतीय लिप्यांच्या मांडणीवर स्वतंत्र दस्तऐवज आहे आणि फार कमी लोकांनी तो वाचलाय. अक्षराचा क्रमांक हवा असेल तर यूनिकोडचा देवनागरी तक्ता छापून भिंतीवर लावा, ०९०० ते ०९७एफ, १२८ घरं. क्रोमच्या विकासक साधनांत 'कम्प्यूटेड' खाली प्रत्यक्ष कोणता फॉन्ट वापरला गेला ते दिसतं, आणि 'नेटवर्क'मधली कोणतीही विनंती कर्ल आदेश म्हणून कॉपी करता येते. दुसऱ्याला अडचण समजावताना पडद्याच्या फोटोपेक्षा तो आदेश पाठवा. स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तराआधी त्याची तारीख आणि खालच्या टिपा वाचा, ग्रंथखूण यांची क्वेरी तिथल्याच कुठल्यातरी अर्ध्या उत्तराची नक्कल असणार.

---

ग्रंथखूण | शनिवार, संध्याकाळी ७:४०

उशिरा लिहितोय. शोध नीट झाला, 'ॲ' आणि 'दऱ्या' दोन्ही सापडतात. परतीची तारीखही जागेवर आली.

एक शेवटचं. बाईंना छापील यादीत 'काव्य' आधी आणि 'काळ' नंतर हवं आहे, आणि 'क्ष', 'ज्ञ' शेवटी. यंत्र 'काळ' आधी देतं.

> अनुस्वार : यूनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' च्या लगेच पुढे बसवलाय, वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. मायएसक्यूएलमध्ये मराठीची वेगळी क्रमवारी नाही. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या यूनिकोड लायब्ररीची मराठी क्रमवारी आहे. तुमच्याकडे १८ हजारच नोंदी आहेत, एक जादा स्तंभ करून त्यात क्रमाची किल्ली साठवा : 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' च्या जागी 'ह' पलीकडची चिन्हं. बाईंचा क्रम त्यांच्याकडूनच लिहून घ्या, 'क्ष' कुठे ठेवायचा यावर कोशांतही एकमत नाही.

> ग्रंथखूण : लिहून घेतला. एका वहीच्या पानावर त्यांनी सगळी वर्णमाला काढून दिली, अनुस्वार कुठे आणि विसर्ग कुठे यासकट. ३१२ पैकी २९० नोंदी नोंदवहीशी ताडून झाल्या, सगळ्या जुळल्या. उरलेल्या २२ उद्या सकाळी, वाचनालय उघडायच्या आधी.